सासष्टीच्या पायलट काकांना, आरोंद्याहून

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव तुम्ही मला सांगितलं होतं. इथे ते लिहीत नाही आणि गावाचंही लिहीत नाही. दक्षिण गोव्यात माजोर्डा स्टेशनच्या पलीकडे, समुद्राच्या अंगाला असलेला गाव, एवढं पुरे. हे पत्र तुम्हांलाच आहे, पण चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे. मराठीत आहे, तरी तुमची नात शाळेत देवनागरी कोकणी शिकते ना, तिला वाचून दाखवायला सांगा. त्या दिवशी तुमची सासष्टीची कोकणी आणि माझी मालवणी यांचं कुठे अडलं नाही, तसंच हेही अडणार नाही.

मी त्या फुटबॉल सामन्यातल्या गोलकीपरची आई. हिरवी जर्सी, उजव्या हाताची करंगळी.

आमच्याकडे सिंधुदुर्गात पोरं क्रिकेट खेळतात. कापणी झाली की मळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा, रात्री लाइट लावून सामने. माझा मुलगा गोव्यात पेडण्याला मामाकडे राहायला गेला आणि फुटबॉलला लागला. आता तिथल्याच एका छोट्या क्लबकडून गोव्याच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतो. सकाळी म्हापशात दुकानात काम, संध्याकाळी सराव. पगार वगैरे काही नाही, बूटसुद्धा स्वतःचे. त्याचा सामना मी कधीच पाहिला नव्हता. सामने बहुतेक कामाच्या दिवशी दुपारी, आणि हे म्हणायचे, तिथे जाऊन तुला काय कळणार? त्या आठवड्यात मात्र मी ठरवलं, की एकदा तरी त्याला उभा राहिलेला बघायचाच.

आरोंद्याहून किरणपाणीचा पूल, हरमल, चोपडे, शिवोली, म्हापसा. तिथून पणजी, पणजीहून मडगावचं शटल, मडगावहून पुन्हा बस. चार गाड्या बदलून मी मुलाने सांगितलेल्या मैदानावर पोचले, तर फाटकाला कुलूप. आत गोलपोस्टच्या पुढ्यात पाणी साचलेलं, त्यात बगळे. आदल्या रात्री अवेळी पाऊस पडून गेला होता. सायकलवरच्या दोन मुलांनी सांगितलं, मॅच दुसरीकडे नेली. कुठे, ते त्यांना माहीत नव्हतं. मुलाचा फोन बंद, तो सामन्याआधी पिशवीत टाकतो. अर्ध्या तासात सामना सुरू होणार होता. काका, मी तेव्हा परत फिरणार होते, हे तुम्हांला सांगितलं नव्हतं.

कपेलाजवळच्या (छोट्या चर्चजवळच्या) आंब्याखाली तुमची मोटारसायकल उभी होती. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पुढचं मडगार्ड पिवळं रंगवलेली भाड्याची मोटारसायकल चालवणाऱ्याला तिकडे पायलट म्हणतात.) मी मैदान विचारलं. तुम्ही विचारलंत, कोणाकडून? मी पेडण्याच्या क्लबचं नाव घेतलं तेव्हा तुम्ही शर्टाची वरची बटणं सोडून आतला टी-शर्ट दाखवलात. समोरच्या संघाचा! मी जरा मागेच सरले. तुम्ही मात्र गाडी चालू करून म्हणालात, "हांवूय थंयच वतां. बस बाये." (मीही तिथेच जातो आहे, बस बाई.) उतरल्यावर मी पैसे काढले, ते तुम्ही शेवटपर्यंत घेतले नाहीत.

त्या मैदानाचं वर्णन इतरांसाठी करते. एका बाजूला चिऱ्याच्या चार पायऱ्या, दुसऱ्या बाजूला नुसती दोरी, दोरीमागे माड. एका गोलामागे इगर्जीची, म्हणजे चर्चची, पांढरी भिंत, दुसऱ्या गोलामागे शेत. चेंडू शेतात गेला की दोन पोरं चिखलातून धावत जाऊन आणत. कोपऱ्यात एक बाई उकडलेले चणे कागदात बांधून विकत होती. प्रेक्षक असतील दीड-दोनशे, सगळे तुमच्या गावचे. आमच्याकडचे मोजून चार, मला धरून. बाकीची तिघं खेळाडूंचे मित्र, ती पलीकडे दोरीपाशी होती. मी कुठे उभी राहू ते मला कळेना. तुम्ही क्लबच्या खोलीतून एक प्लॅस्टिकची खुर्ची आणलीत, पायऱ्यांच्या कडेला, तुमच्या माणसांच्या मधोमध मांडलीत आणि सगळ्यांना मोठ्याने सांगितलंत, की ही त्यांच्या कीपरची आई, पेडण्याच्याही पलीकडून आली आहे. त्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी मला चणे दिले.

आणखी एक गोष्ट. ती लिहावी की नाही याचा मी विचार केला, आणि लिहिते आहे. सकाळी सातला घरातून निघालेल्या बाईला दुपारी चारला काय लागतं, ते तुम्ही न विचारता ओळखलंत. मैदानावर बायकांची सोय नव्हती. तुम्ही मागच्या घरात तुमच्या बहिणीला हाक मारलीत. त्यांनी मला आत नेलं, हातपाय धुवायला पाणी दिलं, चहा पाजला. एकट्या बाईने लांबच्या मैदानावर सामना बघायला जावं की नाही, हे पुष्कळदा एवढ्याशा गोष्टीवर ठरतं. तुमच्या बहिणीलाही माझा नमस्कार सांगा.

सामना सुरू झाल्यावर मी सगळ्यांसारखी चेंडूच्या मागे बघत होते. तुम्ही म्हणालात, चेंडू सगळे बघतात, तू तुझ्या मुलाकडे बघ, चेंडू लांब असताना बघ. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की चेंडू पार पलीकडे असला तरी तो एका जागी उभा नसतो. आपला संघ पुढे गेला की तो मोठ्या चौकोनाच्या टोकापर्यंत येतो. चेंडू डावीकडे वळला की दोन पावलं डावीकडे. सारखा ओरडून पुढच्यांना जागा सांगत असतो. माझे वडील तेरेखोलच्या खाडीत पाग टाकायचे. जाळं हातावर घेऊन नुसते पाण्याकडे बघत उभे असायचे, कधी कधी पाव तास. लहानपणी मला वाटायचं, हे काहीच करत नाहीत. मुलाला तसा उभा बघून मला वडील आठवले, आणि माझे डोळे भरून आले. तुम्ही ते पाहिलंत आणि मान वळवून दुसरीकडे बघू लागलात.

तुम्हीही एके काळी गावासाठी गोलात उभे राहायचात हे मला मध्यंतराच्या थोडं आधी कळलं. ब्रह्मानंद शंखवाळकरांचं नाव तुम्ही किती मानाने घेतलंत! साळगावकर संघाचे कीपर, भारताचे कप्तान, 1997 साली अर्जुन पुरस्कार, 2022 साली पद्मश्री. त्यांच्यासारखं उभं राहायला तुमच्या पिढीची पोरं धडपडायची, असं म्हणालात. तेव्हा आपल्या खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू कीपर सरळ हातात घ्यायचा. 1992 मध्ये नियम बदलला आणि कीपरला पायानेही खेळणं आलं पाहिजे असं झालं. माझ्या मुलाचे पाय चांगले आहेत, हे तुम्ही मला सांगितलंत. त्याच्याबद्दल एवढं जाणून बोललेलं मी कोणाकडून ऐकलं नव्हतं.

मध्येच एकदा त्याने चेंडू छातीशी धरला आणि तुमचे सगळे लोक एकदम ओरडू लागले, "पांच, चार, तीन..." मला वाटलं त्याला शिव्या देताहेत. तुम्ही रेफरीचा वर केलेला हात दाखवलात. जुलै 2025 पासून नवा नियम आला आहे. कीपरने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर, म्हणजे कोपऱ्यातून चेंडू मारायची संधी, मिळतो, आणि शेवटची पाच सेकंदं रेफरी बोटांनी मोजून दाखवतो. पुढच्या वेळी लोक मोजू लागले तेव्हा मीही मनात मोजत होते, आणि "दोन"ला चेंडू सुटलेला बघून माझाही श्वास सुटला.

फादर लायन्सची गोष्टही तुम्हीच सांगितलीत. 1883 साली एक आयरिश पाद्री तब्येत सुधारायला शिवोलीला आले आणि त्यांनी तिथे पोरांना फुटबॉल शिकवला, गोव्यात हा खेळ तिथून सुरू झाला. काका, त्या शिवोलीवरून मी किती वर्षं ये-जा करते आहे. बाजार, लग्नं, दवाखाना. आता बस पुलावरून उतरून शिवोलीत शिरली की मी खिडकीतून बाहेर बघते.

सामना 1-1 असताना, वीसेक मिनिटं उरली होती तेव्हा, तुमचा नऊ नंबर एकटा आत घुसला आणि माझा मुलगा त्याच्या पायांवर झेपावला. चेंडू मिळाला, पण तो उठला नाही. मी खुर्चीवरून उठले होते, पुढे जाता येत नव्हतं. तुम्ही दोरीखालून आत गेलात. रेफरीने हाताने परवानगी दिलेली मी पाहिली. करंगळी बाजूला वळली होती. आमच्या संघाबरोबर डॉक्टर नव्हता, फिजिओ नव्हता, पाण्याच्या बाटल्या होत्या. एक जण बोट धरून ओढायला निघाला होता. तुम्ही त्याचं मनगट पकडून म्हणालात, ओढायचं नाही, आत काय मोडलंय ते कोणाला दिसतंय? मग मासळीवाल्याच्या पेटीतला बर्फ फडक्यात गुंडाळून लावलात, करंगळी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधलीत, आणि स्वतःचा हात त्याच्यासमोर धरलात. तुमची दोन्ही टोकाची बोटं वाकडी आहेत, ते मोटारसायकलवर मागे बसूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बाहेर ये, असंच तुम्ही त्याला सांगितलंत. पण आमचा दुसरा कीपर हॉटेलात नोकरीला, त्याला त्या दिवशी रजा मिळाली नव्हती. मुलगा उभा राहिला आणि गोलात गेला. तेव्हा पायऱ्यांवरचे सगळे लोक टाळ्या वाजवू लागले. पहिली टाळी त्या चणेवाल्या म्हाताऱ्या बाबांची होती, मला नक्की आठवतं.

शेवटी फ्री किकवर गोल झाला आणि आम्ही हरलो. तुम्ही उडी मारलीत, शेजाऱ्याला मिठी मारलीत. ते बरोबरच होतं, तुमचा गाव जिंकत होता. सामना संपल्यावर मात्र तुम्ही मुलापाशी गेलात. तो खाली बसून हातमोज्याकडे बघत होता. तुम्ही त्याला सांगितलंत, की चेंडू आला तेव्हा तुझ्या भिंतीतला, म्हणजे फ्री किक अडवायला रांगेत उभ्या राहिलेल्या तुमच्या खेळाडूंतला, कडेचा माणूस उडी मारताना वळला आणि तिथे फट पडली. तो चेंडू तुला शेवटपर्यंत दिसलाच नव्हता. हे तू त्याला सांगू नकोस, पण स्वतःला दोषही देऊ नकोस. घरी आल्यापासून हे वाक्य त्याने मला तीन वेळा सांगितलं आहे. मी किंवा त्याच्या बाबांनी कितीही समजावलं असतं, तरी ते समजावणं राहिलं असतं. तुम्ही त्याला कारण दिलंत, आणि तेही समोरच्या संघाच्या माणसाने.

तुमचा पुतण्या दुसरी गाडी घेऊन आला. तुम्ही मुलाला बसवलंत, त्याने मला, आणि अंधार पडता पडता आपण मडगावला एक्स-रे काढायला पोचलो. तुम्ही बाहेर बाकावर बसून राहिलात. त्या दोन तासांत तुमची किती भाडी गेली असतील! बारीक फ्रॅक्चर निघालं. ओढलं असतं तर वाढलं असतं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी बाहेर बघितलं. तुम्ही मुलाची बुटांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

निघताना चिकटपट्टीचं उरलेलं रीळ तुम्ही त्याच्या पिशवीत टाकलंत. ते त्याने वापरलेलं नाही. बोट बरं झालं आहे, थोडं वाकडं राहिलं आहे. गेल्या महिन्यापासून तो पुन्हा खेळतो. मी त्यानंतर दोन सामने पाहिले, दोन्ही जवळचे, एक पेडण्यात आणि एक म्हापशाकडे. दुसऱ्या सामन्याला पाहुण्या संघाबरोबर एक मुलगी आली होती, खेळाडूची बहीण असावी, एकटीच दोरीला टेकून उभी होती. मी तिला माझ्याजवळ बोलावलं आणि आधी मागच्या घरात नेलं.

तुमच्या संघाचा सामना आमच्या बाजूला लागला तर कळवा. मुलाचा नंबर तुमच्या पुतण्याकडे आहे. सामना आटोपला की किरणपाणीच्या पुलावरून अलीकडे या, पुलापासून आमचं घर लांब नाही, कोणालाही कीपरचं घर विचारा. घावणे आणि खाडीचे तिसरे (शिंपले) करीन. मैदानावर आमच्या बाजूला तुमच्यासाठी खुर्ची मी आधीच सांगून ठेवली आहे, आणि तुमचा टी-शर्ट घालून या, आत लपवू नका.

आपली,
हिरव्या जर्सीतल्या कीपरची आई
आरोंदा, तालुका सावंतवाडी