पर्समधल्या गोळ्यांबद्दल

आई, बाबा,

फोनवरच बोलणार होते, पण फोनवर काय होतं ते माहितीये, आई रडायला लागते आणि बाबा "हं, घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात. म्हणून लिहितेय. लांबेल, चहा घेऊन बसा.

गेल्या रविवारी आईनं रिक्षासाठी सुट्टे काढायला माझी पर्स उघडली आणि ती स्ट्रिप हाताला लागली. मी म्हटलं ॲसिडिटीची आहे. आई, ती ॲसिडिटीची नाही. एसिटालोप्रॅम आहे, १० मिलीग्रॅम, डिप्रेशनची, अकरा महिने झाले घेतेय. तू खालच्या केमिस्टला नाव सांगून विचारून आलीस हे मला बुधवारी ह्यांच्यासोबत पिशवी आली तेव्हाच कळलं. अश्वगंधा चूर्ण, ब्राह्मीचं तेल, मेतकूट (ह्याचा संबंध नव्हता पण सगळ्यात जास्त तेच संपलं) आणि मावशीनं न्यूजर्सीहून आणलेली ती पिवळ्या फुलाच्या चित्राची बाटली. वर तुझी चिठ्ठी, गोळ्या हळूहळू बंद कर, हे सगळं नॅचरल आहे, काही साइड इफेक्ट नाही.

आधी त्या बाटलीचं सांगते कारण ते तातडीचं आहे. त्यात सेंट जॉन्स वर्ट आहे. ती खरीच वनस्पती आहे, जर्मनीत डॉक्टरसुद्धा देतात, आणि हलक्या डिप्रेशनला काहींना फरक पडतो. भानगड तिथेच आहे ना, ती काहीतरी करते! माझी गोळी मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवते, तीही तेच करते, दोन्ही एकत्र घेतल्या तर ते प्रमाणाबाहेर जाऊ शकतं, मग घाम, थरथर, ताप, छातीत धडधड, आणि जास्त झालं तर थेट ॲडमिट. मी लेबलचा फोटो डॉक्टरांना पाठवला, दहा मिनिटांत उत्तर आलं, "अजिबात नको." शिवाय ती लिव्हरला असं कामाला लावते की बाकीची औषधं शरीरातून लवकर निघून जातात, रक्त पातळ करायची वॉरफरिन, काही हार्टच्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या. म्हणून आई प्लीज, शेजारच्या काकूंना "मनाला बरं वाटेल" म्हणून त्यातल्या दोन कॅप्सूल देऊ नकोस, त्यांची वॉरफरिन चालू आहे. तुला ओळखते मी.

आणि बाबा, नॅचरल म्हणजे निर्धोक हे तुम्ही तरी म्हणू नका. तीस वर्षं औषधांच्या कंपनीत पॅकिंगला काढलीत आणि आता गोळीवर विश्वास नाही म्हणता! सर्पगंधेचं तुम्हीच मला शाळेत असताना सांगितलं होतंत, आपल्याकडची मुळी, मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये तिच्यावर पेपर लिहिला आणि बीपीसाठी ती जगभर पोचली. पुढे तिच्यातून काढलेल्या रेसर्पिननं काही पेशंट उदास व्हायला लागल्याच्या नोंदीही झाल्या. मुळीच होती ना ती.

आता माझं. तुम्हाला वाटतंय मी पहिल्या दिवशी डॉक्टरकडे पळाले. उलट आहे, मी पाच महिने सगळं नॅचरलच केलं. पहाटे साडेतीन-चारला जाग यायची आणि मग झोप नाही, म्हटलं उठलोच आहोत तर चालू, म्हणून खारघरच्या सेंट्रल पार्कला जायला लागले. सोसायटीच्या योगा क्लासला जात होते. अश्वगंधाही घेतली, तीन महिने, झोप जरा बरी लागली पण सकाळी डोकं जड. आणि खोटं कशाला बोलू, चालल्यावर खरंच बरं वाटायचं, दीड-दोन तास टिकायचं. पण पावसाळा लागला आणि एक दिवस उठवलंच नाही, दुसऱ्या दिवशी पण नाही. बूट दाराशी, मी बेडवर, आणि ह्यांना वाटतंय मी जाऊन आले. लोकांना हे कसं सांगायचं कळत नाही, की चालायला जा हा सल्ला बरोबर आहे पण चालायला आधी उठावं लागतं आणि ह्या आजारात नेमकं ते उठणंच जातं. ताजं खा, लोकांत मिसळ, छंद जोपास, सगळं बरोबर, आणि दहा दिवस केस न धुतलेल्या बाईला ते कसं जमणार? मग जमलं नाही की अजून एक गोष्ट मला जमली नाही म्हणून परत तेच.

आधी आपल्या फॅमिली डॉक्टरांकडेच गेले होते. त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, डी सगळं तपासलं कारण ते कमी-जास्त असलं तरी माणूस असाच होतो. बी१२ कमी निघालं, इंजेक्शनं झाली, थकवा थोडा कमी झाला, बाकी होतं तिथेच. मग त्यांनी वाशीच्या सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. तिथे एक नऊ प्रश्नांचा फॉर्म असतो, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, तसं वाटलं, २७ पैकी मार्क. शाळेत मिळाले नाहीत तेवढे इथे मिळाले, १७. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करायच्या विचारांचा. मी "काही दिवस" ला टिक केलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, आणि मी पहिल्यांदा कुणालातरी मोठ्यानं सांगितलं की हो, स्टेशनवर गाडी येताना मी मागे भिंतीला टेकून उभी राहते, मुद्दाम. घाबरू नका, आता नाही येत ते विचार, खूप महिने झाले. पण हे तुम्हाला माहीत असल्याशिवाय गोळी घेऊ की चूर्ण ह्यावर आपण बोलूच शकत नाही.

डॉक्टर म्हणाले डिप्रेशन हलकं असतं तर गोळीनं सुरुवातच केली नसती, व्यायाम आणि थेरपीवर बघितलं असतं, पण एवढ्यावर दोन्ही लागेल. पहिला आठवडा वाईट गेला, मळमळ आणि सारख्या जांभया. मी ह्यांना म्हटलं फेकून देते. चौथ्या आठवड्यात एकदा ऐरोलीला ऑफिसच्या कँटीनमध्ये मला मिसळ तिखट लागली. बस, एवढंच, तिखट लागली, मी जिभेवर पाणी धरून रडले.

सवय लागेल का हे मीही विचारलं होतं. दारूसारखी तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोपेचं खोबरं, आणि आजार उलटू शकतो. म्हणून बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची आणि मग डॉक्टर सांगतील तशी कमी करायची. "हळूहळू बंद कर" हे तुझं वाक्य आई तसं बरोबरच आहे, फक्त ते कधी, हे आपण दोघींनी नाही ठरवायचं.

बाबा थेरपीला "गप्पा मारायचे पैसे" म्हणतात, ते पण मला कळलंय. आठवड्याला पाऊण तास, सायकॉलॉजिस्ट बाई, त्या गोळ्या देत नाहीत. पहिलं काम दिलं, फक्त केस धुवायचे, चालायला जायचं नाही. मग तुळशीला पाणी. असं करत करत मी परत सेंट्रल पार्कला पोचले. म्हणजे तुमचंच नॅचरल, पण गोळी घेऊन. आणि बाबा, सायकियाट्रिस्ट आनंद नाडकर्णींची भाषणं ऐकून येऊन चार दिवस कौतुक कोण करतं घरात? त्यांची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आपल्या ठाण्यातच आहे, लोकांच्या मुलांसाठी चालते आणि आपल्यासाठी नाही असं आहे का?

"आमच्या काळी नव्हतं हे" असं म्हणता ना. धाकटे काका आठवतात का? वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली आणि ते वर्षभर गॅलरीत बसून होते. दाढी नाही, बोलणं नाही. सगळे आळशी म्हणायचे, आजी अंगारा लावायची, कुणीतरी म्हणालं ठाण्याला भरती करा आणि आपण हसलो, ठाण्यातच तर राहतो म्हणून. १९०१ सालचं ते मनोरुग्णांचं हॉस्पिटल काकांच्या घरापासून चालत जाण्यासारखं होतं. त्या विनोदामुळेच कुणी नेलं नाही त्यांना. मीपण हसले होते, नववीत होते.

अश्वगंधा परत पाठवत नाही, बाजूला ठेवलीय, गोळ्यांसोबत चालेल का ते डॉक्टरांना विचारेन. तू स्वतः घेतेस का खरं सांग, तुझी थायरॉइडची गोळी चालू आहे आणि अश्वगंधेनं थायरॉइड वर जाऊ शकतं, क्वचित लिव्हरलाही त्रास झालाय लोकांना. विचारल्याशिवाय नको. ब्राह्मीचं तेल मात्र लाव, म्हणजे मला लाव, मी येईन तेव्हा. आणि तुला काही विचारायचं असेल आणि माझ्याशी बोलताना रडू येत असेल तर टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

बाबा, पुढची अपॉइंटमेंट येत्या शनिवारी आहे, वाशीला, सकाळी. ह्यांना सुट्टी नाहीये. ठाण्याहून सरळ गाडी आहे, मी तुर्भ्याच्या बाजूच्या जिन्यापाशी उभी राहीन. आत यायचं नसेल तर बाहेर पेपर वाचत बसा. मावशीला काय सांगायचं ते आईनं ठरवावं, फक्त मायग्रेन सांगू नकोस.

मेतकूट अजून पाठव.

तुमची,
ताई