माळ्यावरचं मोदकपात्र

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलायला तोंड उघडेना, म्हणून लिहिते. दिवाळीनंतर परत येणार होतो, ते आता दोन वर्षांनी. ह्यांच्या कंपनीने मुदत वाढवली आणि आम्ही हो म्हणून बसलो. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही "आमचं काय, आम्ही मजेत" म्हणाला असतात, आणि बाबा मग दोन दिवस जेवताना बोलले नसते.

दुसरं म्हणजे मी इथे जपानात, नागोयात एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात काम धरलंय. माझ्या व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला 28 तासच काम करता येतं, त्यामुळे दमणूक नाही. एम.कॉम. करून हे, असं मनात येईल. बँकेच्या परीक्षांची ती वर्षं मी विसरलेले नाही. आई, तुझ्या बांगड्याही नाही. पण इथे दुपारी तीनला पोरं हात धुऊन ओळीने बसतात ना, तेव्हा मला घरात असल्यासारखं वाटतं. घर उबदार आहे, तूरडाळ मिळते, रोज वरण-भात होतो. काळजी करू नका.

तीनच्या खाऊला आम्ही मुशिपान करतो, म्हणजे वाफवलेला पाव. काही मुलांना अंडं-दूध चालत नाही, म्हणून सगळ्यांनाच तांदळाच्या पिठाचा आणि सोयादुधाचा. कुणाचं ताट वेगळं नको. इकडचा ओनिमांजूही त्याच जातीचा, फक्त गव्हाच्या पिठाचा. त्यातून रताळ्याच्या फोडी शिंगांसारख्या वर येतात, म्हणून ओनी, म्हणजे राक्षसाचं नाव. पहिल्यांदा झाकण उघडलं आणि वाफ तोंडावर आली. वाटलं, चतुर्थी आहे, मी तुझ्या पदराआडून पहिला मोदक मागतेय आणि तू म्हणतेयस, आधी नैवेद्य.

बाबांना दूध सोसत नाही, नव्या कवळीने भाकरी चावत नाही, आणि ते चहा-बिस्किटावर दिवस काढतात हे मला दादाकडून कळलं. आई, तू लपवलंस. रागावले नाही. पण आता हे करायचंच.

100 ग्रॅम तांदळाचं पीठ दोनदा चाळून घे, इथलं फार बारीक असतं. त्यात सपाट चमचाभर बेकिंग पावडर. 30-40 ग्रॅम गूळ दोन मोठे चमचे कोमट पाण्यात विरघळवून गाळ आणि गार होऊ दे. इथे ओकिनावाचा काळा गूळ घालतात, तो चवीला आपल्याच गुळाचा सख्खा. मग 80 मिली बिनसाखरेचं सोयादूध, मोठा चमचाभर तेल आणि रताळ्याच्या बारीक फोडी. मोदकपात्रातलं पाणी आधी खळखळू दे, मगच पीठ कालव. बेकिंग पावडर ओली झाली की थांबत नाही. वाट्यांना तेलाचा हात लावून निम्म्याच भर. मोठ्या आचेवर 15 मिनिटं वाफव. झाकणाला फडकं बांध, नाहीतर पाणी टपकून वरून चिकट होतो. काडी टोचून कोरडी निघाली की झालं. कोमटच खा, गार झाला की घट्ट होतो. एका वेळी दोनच, बाबा.

मोदकपात्र माळ्यावर आहे. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, खालच्या मुलाला हाक मारा. कवळी टोचत असेल तर डॉक्टरांकडे ह्याच आठवड्यात जा. पैशांचा विचार करू नका, मी पाठवलेत. मला रागवायचं असेल तर रविवारी फोनवर रागवा, मी ऐकून घेईन.

पहिला घाणा बिघडला तर टाकून देऊ नकोस, आई. फोटो पाठव, काय चुकलं ते मी सांगते.

तुमची,
चिमी