माणगावचा तो बावीस वर्षांचा नाईक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात पुतण्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माणगावच्या तहसील कचेरीत गेलो होतो. बाहेर पुतळा आहे, त्याच्याकडे बघून तो म्हणाला काका हे कोण, मी म्हटलं यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे इंग्रजांचं शौर्यासाठीचं सर्वात मोठं पदक मिळालेले, तर पोरगा लगेच म्हणाला पण त्यांनी केलं काय? आणि मला धड चार वाक्यं सांगता आली नाहीत. लहानपणापासून त्या पुतळ्यासमोरून जातोय मी, फार वाईट वाटलं. घरी येऊन वाचत बसलो आणि आता सगळ्यांनाच सांगावंसं वाटतंय म्हणून हे पत्र.

यशवंत घाडगे आपल्याच तालुक्यातल्या पळसगाव-आमशेतचा. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होता, म्हणजे हाताखाली एक छोटी तुकडी. दुसऱ्या महायुद्धात ही बटालियन इटलीत जर्मनांशी लढत होती. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या एका पक्क्या मोर्चावर हल्ला केला, तेव्हा अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि यशवंत सोडून त्याच्या तुकडीतले सगळेच्या सगळे पडले, कोणी मेले कोणी जखमी. मागे कोणी यायला उरलेलं नाही हे त्याला दिसत होतं. तरी तो एकटा त्या मशीनगनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही संपवले, मग टॉमी गनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला मारलं. गोळ्या संपल्या, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर त्याने बंदुकीची नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. आणि मग लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्याला छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. जो मोर्चा एकट्याने घेतला तिथंच तो गेला. वय बावीस!

मला सारखं एकच सुचतंय की १० जुलै म्हणजे आपल्याकडे लावणीचे दिवस, त्या दिवशी गावात माणसं गुडघाभर चिखलात आवण लावत असतील, पाऊस पडत असेल, आणि कोणाला कल्पना पण नसेल की आपला पोर तिकडे कुठल्या डोंगरात पडलाय. त्याचा देह मिळालाच नाही. इटलीतच कॅसिनो इथं ज्यांची कबर नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं कोरलेलं स्मारक आहे, त्यात त्याचं नाव आहे. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर जाहीर झाला, नोव्हेंबर १९४४ मध्ये.

काही जण म्हणतात तो तर इंग्रजांसाठी लढला, त्याचं काय एवढं. मला हे बोलणं पटत नाही. राज्य इंग्रजांचं होतं हे खरंच आहे आणि कोकणातली कितीतरी पोरं तेव्हा पलटणीत जायची कारण भातशेतीवर घर भागत नव्हतं, पण समोर हिटलरची फौज होती, आणि बाजूला पडलेले होते ते त्याचे सोबती होते, आपलीच पोरं. त्या क्षणी तो कोणासाठी धावला असेल हे ज्याने त्याने विचार करून बघावं.

तिकडच्या लोकांनी मात्र लक्षात ठेवलं. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्याच्या नावाने स्मारक झालं, सूर्यघड्याळाच्या रूपात, आणि त्यावरच्या ओळीचा अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. हे वाचून डोळे भरून आले खरं सांगतो.

मागणी फार मोठी नाही. पुतळ्याजवळ मराठीत, मोठ्या अक्षरात, येताजाता वाचता येईल असा एक फलक हवा, त्यावर त्याने त्या दिवशी काय केलं ते आणि त्याचं वय, दोन्ही असावं. वय नक्की लिहा, कारण कॉलेजातली पोरं तिथं दाखल्यांसाठी रांगेत असतात आणि तो साधारण त्यांच्याच वयाचा होता. आणि तालुक्यातल्या शाळांनी १० जुलैला परिपाठात पाच मिनिटं हे वाचून दाखवावं, शाळा तेव्हा सुरू असतातच.

पुतण्याला मी आता सगळं सांगितलंय. तो म्हणाला दाखला घ्यायला जाऊ तेव्हा फुलं घेऊन जाऊ.

आपला,
एक वाचक, ता. माणगाव, जि. रायगड