माळ्यावरचा व्हिडिओ गेम किलोवर घालू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रांच्या कॉलमात सीमाप्रश्न, रस्त्यातले खड्डे आणि हेस्कॉम (आपली वीज कंपनी) या तिघांचं राज्य असतं आणि ते बरोबरच आहे म्हणा, पण एखाद्या दिवशी जागा उरलीच तर हे पत्र छापा. विषय जरा पोरकट वाटेल. दिवाळीच्या आधी घरोघरचे माळे खाली उतरतात आणि त्यात नव्वदच्या दशकातले कॅसेटवाले व्हिडिओ गेम पण उतरतात, दोन रिमोट, एक पिस्तूल, गुंता झालेल्या वायरी, आणि मग रद्दीच्या जोडीनं ते सगळं भंगारवाल्याच्या गाड्यावर जातं, प्लास्टिक किलोवर, वायरीतलं तांबं वेगळं, संपला विषय. माझं म्हणणं एवढंच आहे की त्यातले बरेच गेम मेलेले नसतातच हो, व्होल्ट मोजायला एक मल्टिमीटर, पार्ट काढायला-जोडायला एक सोल्डरिंग आयर्न आणि दोन संध्याकाळी एवढ्यावर ते घरीच उठून बसतात, आणि जे उठत नाहीत ते सुद्धा शिकायच्या कामाला येतात.

मी शहापुरात राहतो, पोटापाण्याचा धंदा वेगळा, हे आपलं संध्याकाळचं वेड. ओळखीतले लोक आणून देतात, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडचे पाहुणे पण येताना पिशवीतून एखादा घेऊन येतात. समुराई, मीडिया अशी नावं चाळिशीतल्या लोकांना आठवत असतील, शिवाय नावच नसलेले कितीतरी चिनी डबे, पण वर काहीही लिहिलेलं असूदे, आत बहुतेक सगळ्यांत एकच मशीन असायचं, जपानच्या निन्टेंडोनं १५ जुलै १९८३ ला काढलेलं फॅमिकॉम किंवा त्याची नक्कल. मासायुकी उएमुरा हा त्याचा मुख्य इंजिनिअर, २०२१ मधे वारला. त्याच्या मशीनची कॅसेट ६० पिनांची, आपल्याकडच्या नकली गेमची पण ६० पिनांचीच, म्हणून तर मित्राच्या घरची कॅसेट आपल्या गेममधे चालायची.

बिघाडाचं म्हणाल तर पहिला संशय एलिमिनेटरवर, म्हणजे भिंतीच्या प्लगातून गेमला करंट देणाऱ्या अडॅप्टरवर. आपल्याकडं पूर्वी तो गोल बटणाचा एलिमिनेटर मिळायचा, ३ पासून १२ व्होल्टपर्यंत फिरवायचा, आणि घरातल्या कुणीतरी तो रेडिओसाठी फिरवून ठेवलेला असायचा. आता तर लोक वायफाय राऊटरचा अडॅप्टर लावून बघतात, पिन बसते ना, मग झालं. पण राऊटरच्या पिनेत मधे प्लस असतो आणि फॅमिकॉमच्या घराण्यात मधे मायनस, त्यात राऊटरवाला १२ व्होल्टचा आणि गेमला पाहिजेत ९-१०, आणि स्वस्तातल्या गेममधे उलट करंट अडवणारा डायोड घालायचे कष्ट कुणी घेतलेले नसतात. मग सगळ्यात आधी आतला रेग्युलेटर जातो, आलेले व्होल्ट ५ वर आणणारा, ७८०५ नावाचा तीन पायांचा, पत्र्याला स्क्रूनं बसवलेला. अक्षरं आपल्याकडं करून धरला तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट, डाव्यावर ९ च्या आसपास आणि उजव्यावर ५ व्होल्ट दिसले तर त्याची तब्येत ठीक, उजव्यावर काहीच नाही तर बहुतेक गेला. बाजारात हा आयसी वडापावच्या किमतीत मिळतो. एवढ्यासाठी लोक सगळा गेम टाकून देतात हे बघून खरंच जीव तुटतो. १२ व्होल्ट दिले तरी काही वेळ चालतं, पण वरचे ७ व्होल्ट रेग्युलेटर नुसती उष्णता करून बाहेर टाकत असतो आणि ती आतल्या आतच फिरते, म्हणून "अर्धा तास चालतो आणि मग हँग होतो" ही तक्रार आली की मी आधी एलिमिनेटर कुठला ते विचारतो. आणि कुणी अमेरिकेहून आणलेला गेम असेल तर त्याचा मूळ अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घालायचाच नाही, तो १२० वाला असतो, धूरच निघणार. जपान-अमेरिकेचा गेम आपल्या जुन्या टीव्हीवर ब्लॅक अँड व्हाइट दिसला तर तो बिघाड नव्हे, त्यांची टीव्हीची सिस्टिम एनटीएससी आणि आपली पाल, एवढाच फरक.

दुसरं म्हणजे फुंकर. आपल्या सगळ्यांनी मारलीय, कॅसेट काढायची, फू करायचं, परत घालायची आणि चालू. चालू व्हायची ती फुंकरीनं नव्हे, काढून परत घातल्यानं पिना नीट टेकायच्या म्हणून. उलट तोंडातल्या दमटपणानं पिना गंजतात, फुंकू नका असं निन्टेंडोनंच सांगितलं होतं. आता आपल्या हवेचा हिशेब धरा. बेळगावचा पावसाळा कसला असतो ते तुम्हाला मी काय सांगू, आणि जांबोटी-कणकुंबी बाजूचा तर विचारूच नका, तिकडून आलेल्या बोर्डावर तांब्याच्या ट्रॅकवर हिरवा थर असतोच असतो, शिवाय झुरळांची अंडी, पालीची घाण, मुंग्यांनी आणून टाकलेली माती. यावर औषध एकच, आयसोप्रोपिल अल्कोहोल, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए म्हणून मागा, ९९ टक्क्यांचं घ्या, कानाच्या काडीवर घेऊन पिना पुसा, बोर्ड जुन्या टूथब्रशनं घासा आणि पूर्ण वाळू द्या. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर असलं काही प्लास्टिकला लावू नका, वितळतं. खोडरबरानं पिना घासायची जुनी पद्धत आहे, चालते, पण वरचा मुलामा एकदम पातळ असतो तेव्हा दरवेळी नको. रिमोटची बटणं दबत नसतील तर आतल्या रबराच्या काळ्या टिकल्या त्याच अल्कोहोलनं पुसल्या की निम्मे रिमोट तिथंच बरे होतात.

कंडेन्सर, म्हणजे नव्या पोरांच्या भाषेत कपॅसिटर, करंट साठवून एकसारखा ठेवणारा पार्ट, हे तिसरं दुखणं. आतलं पाणी सुकतं किंवा गळतं, मग चित्रात आडव्या लाटा येतात, आवाजात गूं गूं येतं. डोकं फुगलेला दिसला तर बदलाच, पण फुगला नसला तरी तीस वर्षांच्या कंडेन्सरवर फार विश्वास ठेवू नये. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, आणि मायनसची पट्टी बघून लावायचा. सेगाचा १९९० चा गेम गियर हातात खेळायचा असतो, त्याच्यात तर कंडेन्सर गळणं हे इतकं ठरलेलं आहे की उघडल्याबरोबर सगळे बदलतात लोक.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. नंतर नंतर आलेल्या स्वस्त गेममधे सगळं मशीन एकाच काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली असतं, तो थेंब गेला की गेला, त्याला हात लावून उपयोग नाही. आधीच्या डब्यांत वेगवेगळ्या मोठ्या आयसी असतात, पाय बोर्डातून आरपार गेलेले, त्यांची दुरुस्ती होते. कुणी "ओरिजिनल व्हिंटेज" म्हणून चार-पाच हजाराला काही विकत असेल तर आधी उघडून दाखवा म्हणा, काळा थेंब दिसला तर नमस्कार करून घरी या.

बदकं पाडायच्या गेमबरोबर यायचं त्या पिस्तुलाबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच असते, "टीव्ही नवा घेतला आणि बदकं पडायची बंद झाली, पिस्तूल बिघडलंय बघा." पिस्तूल बिघडलेलं नसतं. त्यातून गोळी, किरण वगैरे काही जात नाही, उलट ते टीव्हीकडं बघत असतं, नळीच्या आत एक भिंग आणि उजेड ओळखणारा सेन्सर. घोडा दाबला की गेम एक क्षणभर पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो, आधी काळोख आणि मग उजेड असं सेन्सरला दिसलं की बदक पडलं. म्हणून तर बल्बकडं पिस्तूल धरून बदक पाडायची आपली हुशारी चालायची नाही, काळोखाच्या क्षणीच उजेड दिसला की गेम ओळखायचा की हा लबाडी करतोय. आता हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बांधलेलं आहे, तिथं चित्र रेघेरेघेनं ताबडतोब उमटतं, सेन्सरचं सर्किट पण त्याच लुकलुकीला ओळखतं. एलईडी टीव्ही आधी चित्र स्वतःजवळ ठेवून घेतो, सारखं करतो, मग दाखवतो, तोवर गेमची वाट बघून झालेली असते. तेव्हा गेमबरोबर घरातला १४ इंची जुना टीव्ही पण भंगारात जात असेल तर तेवढा ठेवा, गल्लीत एक असला तरी पुरे. फक्त तो टीव्ही घरी उघडू नका, ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या घरातला करंट लागतो आणि प्लग काढल्यावरही तो आत राहू शकतो, ते काम जुन्या टीव्ही मिस्त्रीचं, त्यांच्याकडंच न्या.

सोनीचा डिस्कवाला प्लेस्टेशन टू पण आता जुन्यात जमा झालाय, जगात १५ कोटींच्या वर खपलेला तेव्हा आपल्याकडं पण पुष्कळ आहेत. "डिस्क रीड एरर" आला की आधी लेन्स पुसा, ज्या दांड्यांवर लेन्स सरकते त्यावरचं वाळलेलं ग्रीस काढून नवं लावा. व्हिडिओ बघून लेसरचा तो बारीक स्क्रू पिळायला जाऊ नका, थोडे दिवस चालतं आणि लेसर कायमचा जातो.

त्याच व्हिडिओंमधला दुसरा फॅशनचा प्रकार म्हणजे पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं करणं. प्लास्टिकमधे आग लागू नये म्हणून ब्रोमिन घातलेलं असतं, ऊन आणि वर्षांनी ते पिवळं पडतं, मग केसाला लावायचं हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम फासून उन्हात ठेवतात, २००८ पासून ही युक्ती जगभर चाललीय. होतं पांढरं, नाही असं नाही, पण थर कमीजास्त लागला तर चट्टे पडतात आणि बऱ्याचदा परत पिवळं पडतं ते वेगळंच. मी करत नाही. तीस वर्षं घरात राहिलेली वस्तू पिवळी दिसली तर काय बिघडलं, आत ५ व्होल्ट नीट येतायत का ते बघा आधी.

आता आमच्या घरातलेच म्हणतात, हे सगळे गेम मोबाईलवर मिळतात, मग हा खटाटोप कशाला. खेळायचं असेल तर खुशाल मोबाईलवर खेळा की, माझं भांडण नाही, पण मोबाईल उघडून पोराला काय दाखवणार, तिथं भिंगातून बघितलं तरी पार्ट दिसत नाहीत. जुन्या गेमच्या बोर्डावर करंट इथून आला, इथं ५ व्होल्ट झाला, ही मेमरी, हा क्रिस्टल, हे चित्र बाहेर गेलं असं बोट ठेवून दाखवता येतं. आपल्या भागात आयटीआय आणि डिप्लोमा कॉलेजं आहेत, व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालयच बेळगावात आहे, तरी थिअरी पाठ असलेल्या पोरांच्या हातात सोल्डरिंग आयर्न दिला की थरथरतात, आणि त्यांचा दोष नाही, त्यांना सुकलेला कंडेन्सर कुणी काढायलाच दिलेला नसतो.

म्हणून माझी सूचना आपल्या गल्लीतल्या मंडळांना आहे. गणपतीच्या देखाव्याला मोटर, रिले, लायटिंग जोडणारी पोरं प्रत्येक मंडळात आहेत, मंडळाची खोली वर्षातले दहा-अकरा महिने बंद असते. तिथं एक टेबल टाका, लोकांना बंद पडलेले गेम आणून द्यायला सांगा, चालू झाले ते परत करा, काळ्या थेंबाचे आणि अगदीच गेलेले असतील ते पोरांना पार्ट काढायच्या प्रॅक्टिसला ठेवा. जुन्या डाकात (सोल्डरमधे) शिसं असतं तेव्हा खिडकी उघडी ठेवायची आणि नंतर हात धुवायचे, एवढं पथ्य. छोटे पार्ट गावातच मिळतात, अडलंच तर बेंगळुरूचा एस. पी. रोड किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड हे इलेक्ट्रॉनिक्सचे बाजार आहेतच, आपण दोन्हीकडून साधारण ५०० किलोमीटरवर, आणि दोन्हीकडून कुरिअर येतं, निदान याबाबतीत तरी आपला बॉर्डरवर असण्याचा तोटा नाही.

सरकारी बाजू विचाराल तर ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांच्या यादीत व्हिडिओ गेम पण आहेत, जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीची. पण ज्या डब्यावर कंपनीचं धड नावच नाही त्याची जबाबदारी घ्यायला कोण येणार? केंद्राचं राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल २४ डिसेंबर २०२२ ला निघालं, चांगलंच आहे, पण त्यावर १९९३ च्या चिनी गेमच्या सर्किटचा नकाशा मिळणार नाही. तेव्हा कायदा येऊन वाचवेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही, तोवर गाडा गल्लीतून गेलेला असतो आणि वायरी कुठंतरी मोकळ्या जागेत जळत असतात, तो वास आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहितीय.

पत्र लांबलं, कात्री लावायची असेल तर इतिहासाला लावा, एलिमिनेटरचं तेवढं ठेवा.

आपला,
एक नेहमीचा वाचक
शहापूर, बेळगाव

ता. क. गेम द्यायचाच असेल तर कॅसेटी, पिस्तूल आणि मूळ अडॅप्टर त्याच्याच पिशवीत घालून द्या, वायर कापून देऊ नका. पिन सापडत नाही म्हणून अडून बसलेले गेमच माझ्याकडं जास्त आहेत.