बोक्याच्या गावात एक दिवस

प्रिय शमे,

तुमच्या क्रूझबद्दल परवा फोनवर तू विचारलंस, "अगं, बंदरावर उतरून नेमकं करायचं काय? आणि परक्या गावात सोडून जहाज निघून गेलं तर?" मागे जेवणाच्या हॉलचा गोंगाट, त्यात नेट तुटत होतं, म्हणून म्हटलं होतं, निवांत लिहिते. आज कोटोर बघून आलोय. अविनाश केव्हाच घोरायला लागलाय आणि मी बाल्कनीत पाय वर करून बसलेय. आता लिहिते.

गेल्या खेपेला आम्ही काय केलं ते आधी ऐक, म्हणजे यंदा आम्ही एवढे शहाणे कसे झालो ते कळेल. चिवितावेकिया बंदरावर उतरलो आणि आगगाडीनं रोमला गेलो. अंतर ७०-८० किलोमीटर. दिवसभरात रोम पाहिलं ते घड्याळाच्या काट्याआडून. कोलोसियमसमोर उभी होते आणि डोक्यात एकच, परतीची गाडी चुकली तर? संध्याकाळी जहाजावर चढलो तेव्हा दोघं एकमेकांशी बोलतही नव्हतो. तेव्हाच ठरवलं, शहर बंदरापासून लांब असेल तर जहाजाचीच सहल घ्यायची. चार पैसे जास्त जातात, पण त्यांची बस अडकली तर जहाज थांबतं. आपण आपले गेलो आणि उशीर झाला तर कोणी थांबत नाही, पुढचं बंदर आपल्या खर्चानं गाठायचं. गाव धक्क्याला लागूनच असेल तर मात्र खुशाल आपलं आपण फिरावं.

कोटोर तसंच आहे. मॉन्टेनेग्रोमधलं हे गाव खाडीच्या पार टोकाला, डोंगराच्या कुशीत बसलंय. खाडीचं नाव ऐकशील तर हसशील: बोका! बोका कोटोर्स्का. इटालियनमधल्या 'तोंड' या अर्थाच्या शब्दावरून आलंय म्हणे. आणि गंमत म्हणजे गावभर मांजरं. खिडकीत, पायऱ्यांवर, हॉटेलच्या खुर्च्यांवर. मांजरांचं एक संग्रहालयसुद्धा आहे. मी दिवसभर "बोक्याच्या गावातली मांजरं" म्हणून एकटीच हसत होते, अविनाशला त्यात काही विनोद दिसला नाही.

तू कधी इथे आलीस तर एक कर, पहाटे उठून डेकवर जा. जहाज आत शिरतानाचा तास-दीड तास झोपेत घालवू नकोस. डोंगर थेट पाण्यातून वर उठलेत. वेरिगेच्या चिंचोळ्या भागात तर दोन्ही किनाऱ्यांत जेमतेम ३४० मीटर अंतर, काठावरच्या घरातली वाळत घातलेली चादर दिसते. पुढे पेरास्त गावासमोर दोन चिमुकली बेटं आहेत. त्यातलं एक माणसांनी केलेलं. १४५२ साली तिथल्या खडकावर खलाशांना मेरीमातेचं चित्र सापडलं अशी कथा आहे. मग त्यांनी दगड टाकून टाकून, जुनी जहाजं बुडवून बेट उभं केलं आणि त्यावर चर्च बांधलं. अजूनही दर २२ जुलैला लोक होड्या घेऊन जातात आणि तिथे दगड टाकतात.

धक्क्यावर आधीच दुसरं जहाज होतं, म्हणून आमच्या जहाजानं नांगर टाकला आणि छोट्या बोटींनी आम्हाला काठावर नेलं. या बोटींना टेंडर म्हणतात. तुझ्या गुडघ्यांची काळजी तुला इथे वाटेल. खाडीचं पाणी संथ होतं, तरी बोट खालीवर होतेच. दाराशी उभा खलाशी आपला पंजा धरत नाही, कोपराखाली घट्ट पकडतो. आपणही त्याचा हात तसाच धरायचा. तो सांगेल तेव्हाच पाऊल टाकायचं, आधी नाही, नंतर नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, पर्स खांद्यावर आडवी. सकाळी बोटीसाठी रांग लागते, म्हणून आम्ही पहिला लोंढा जाऊ दिला. नाश्ता नीट झाला आणि गर्दीही टळली.

बरोबर फार काही नेलं नाही. केबिनचं कार्ड (तेच उतरताना-चढताना तपासतात), पासपोर्टची झेरॉक्स, दिवसाची औषधं आणि एक जास्तीचा डोस, पाणी, थोडे युरो. मॉन्टेनेग्रो युरोपीय संघात नाही, पण चलन युरोच. केबिनमध्ये रोज एक पत्रक येतं, त्यात शेवटच्या बोटीची वेळ आणि बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेव. दागिने तिजोरीत.

तटाचा मुख्य दरवाजा १५५५ सालचा. तिथे गाइडांचे घोळके अडकलेले असतात, पर्स सांभाळायची ती तिथे. आत शिरलं की मात्र सगळं शांत. चौकांची नावं काय असावीत? पिठाचा चौक, दुधाचा चौक, भाजीचा चौक! जिथे जे विकलं जायचं ते नाव. एका बोळात कारांपाना नावाचा जुना लोखंडी पंप आहे, पूर्वी गावातल्या बायका तिथे पाणी भरायच्या आणि गावगप्पा करायच्या. तुझी फार आठवण आली. संत ट्रिफॉनचं कॅथेड्रल ११६६ सालचं, पण त्याचे दोन मनोरे सारखे नाहीत. १६६७ च्या भूकंपात ते पडले आणि नव्यानं बांधताना एक पुरा झालाच नाही. १९७९ च्या भूकंपानं पुन्हा सगळं हादरवलं. तरी गाव उभं आहे.

वर किल्ल्यापर्यंत साधारण १,३५० पायऱ्या. अविनाशला अर्थातच टोक गाठायचं होतं. मी म्हटलं, मधल्या छोट्या चर्चपर्यंत येते, पुढे तुझं तू बघ. सकाळी डोंगराची सावली असते म्हणून चढणं जमलं. उतरणं अवघड. शेकडो वर्षांच्या पावलांनी दगड आरशासारखे गुळगुळीत झालेत. माझ्यापुढची एक तरुण मुलगी, पायात नाजूक चपला, सटकन घसरून बसली. लागलं नाही फारसं, पण नंतर ती भिंत धरून उतरत होती. तू रबरी तळव्यांचे बूटच घाल, फोटोत कसे का दिसेनात. अविनाशही शेवटी चर्चपाशीच बसला. का, ते मी विचारलं नाही.

मग दुपारी खरी गंमत. चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यासमोर (१६०२ सालचा) आइसक्रीम खात बसलो होतो. आम्ही ठरवलं होतं, शेवटची बोट साडेचारला, तर अडीचला निघायचं. मनोऱ्यावर एक चाळीस झाले होते. माझ्या फोनवरही एक चाळीस. अविनाश म्हणाला, "उशीर झाला, दोन चाळीस झालेत." मी म्हटलं, "तुझ्या त्या म्हाताऱ्या घड्याळाला सेल घाल." त्यानं गुपचूप पत्रकाचा फोटो समोर धरला. खाली ठळक अक्षरांत: सर्व वेळा जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. आदल्या दिवशी आम्ही ग्रीसमधल्या कॉर्फूला होतो. ग्रीस एक तास पुढे, आणि एका दिवसासाठी जहाजानं घड्याळं बदललीच नव्हती. फोन मात्र उतरल्या उतरल्या गावाचा झाला होता! त्या मनोऱ्यानं आणि माझ्या फोनानं मिळून मला एक तास फसवलं होतं. दोन तास हाताशी ठेवले होते म्हणून नुकसान एवढंच, की आइसक्रीम जरा घाईनं संपवलं. तेही माझंच, अविनाशनं त्याचं चवीनं खाल्लं आणि बोटीपर्यंत मनगट माझ्यासमोर नाचवत राहिला.

साडेचारच्या सुमाराला आम्ही अंघोळ करून डेकवर उभे होतो. काठावरून एक जोडपं पिशव्या सावरत धावत येत होतं. तिच्या धावण्यातच मला माझा रोमचा अवतार दिसला. बोट मिळाली त्यांना. आमच्या शेजारचे काही लोक टाळ्या वाजवत होते, मी नाही वाजवल्या.

तुमची बंदरं कोणती ते कळव, म्हणजे कुठे आपलं आपण उतरायचं आणि कुठे सहल घ्यायची ते सांगते. आणि मनगटावर बांधायचं घड्याळ घे, साधं चालेल. मांजरांचे फोटो वेगळे पाठवते, एकूण ४३ आहेत, सगळे बघावे लागतील.

तुझीच,
नंदा