परसू मांडून देणाऱ्या काकींना

आदरणीय काकींना सप्रेम नमस्कार.

मागीलदारच्या नव्या जागेबद्दल आभार मानायला आले, की तुम्ही "पुरे गो" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. दापोली तालुक्यात, हर्णै-आंजर्ल्याच्या या पट्ट्यात, बरेच जण गावचं घर नीट करायला घेतायत आणि 'मागं बसायला काहीतरी करूया' म्हणतायत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामाला येईल.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची वाडी आडवी झाली, ते तुम्हाला सांगायला नको. पोफळी मोडल्या, जुने माड गेले आणि घरामागं नुसतं आभाळ उरलं. पुढं मुलानं मुंबईहून एक आराखडा करून आणला. त्यात लाकडी डेक, त्यावर पत्र्याचं कायमचं छप्पर, भोवती हिरवळ आणि बार्बेक्यूचा कोपरा होता. मुलानं फार हौसेनं केला होता. तुम्ही तो कागद उन्हात धरून बराच वेळ पाहिलात आणि एवढंच विचारलंत, "पागोळ्यांचं पाणी कुठनं जायचं?"

त्या रात्री मुलानं हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमच्या घराचा मागचा उतार साधारण साठ चौरस मीटर आणि आपल्याकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. म्हणजे एका मागच्या पाख्यावरून पावणेदोन लाख लिटरपेक्षा जास्त पाणी परसात उतरणार, तेही बहुतेक चार महिन्यांत. तुम्ही आकडा न मांडता ते ओळखलं होतंत. पावसाळाभर थांबायला लावलंत, पाणी कुठं तुंबतं, कुठून वाट काढतं ते बघायला लावलंत आणि मगच दोरी लावू दिलीत. गडग्याच्या कडेचा बुजलेला चर मोकळा झाला. मोरीचं पाणी केळी नि अळवाकडं वळलं. डेकचा बेत मागं पडला, त्याच्या जागी जांभ्याचे चिरे वाळूवर बसले. सांधे सिमेंटनं भरायचे नाहीत, पाणी मुरू द्यायचं, आणि दहा फुटाला दीड इंच उतार चराकडं ठेवायचा, हे तुम्ही गवंड्याला स्वतः उभं राहून सांगितलंत. चिऱ्यालाही शेवाळ धरतंच. त्यावर तुमचा उपाय सोपा: पावसात वाटेपुरती झापं, म्हणजे झावळ्यांच्या विणलेल्या चटया, अंथरा.

राखेची गोष्ट मात्र मला सविस्तर लिहायलाच हवी. चूल कुठं घालायची यावर आमच्या घरात तट पडले होते. तुम्ही भल्या सकाळी आलात, न्हाणीच्या चुलीतली थंड राख चिमटीत घेतलीत आणि खांद्याच्या उंचीवरून सोडलीत. राख हलकेच समुद्राकडं सरकली. उन्हं कलल्यावर पुन्हा आलात, त्याच जागी पुन्हा चिमूट सोडलीत, तर राख सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीकडं गेली. शाळेत खारे वारे नि मतलई वारे पाठ केले होते. ते माझ्याच परसात कुणी दाखवले ते तुम्ही. आमचं परसू पश्चिमेला, तेव्हा संध्याकाळची चूल घराच्या समोर आली की धूर घरात येणारच. म्हणून ती उत्तरेच्या टोकाला गेली, घराची भिंत जिथं संपते तिच्याही पुढं. आता पाहुणे आले, भाकऱ्या बाहेर केल्या, तरी घरात कुणाचे डोळे चुरचुरत नाहीत.

छपराबद्दल तुम्ही ठाम होतात, आणि मला तेच सगळ्यात पटलं. उघड्यावरचा पत्रा वादळात कुठं जातो ते आपण दोघींनी पाहिलंय. खाऱ्या हवेत लोखंडी खांब सडतो, तो वेगळाच. मांडव हाच आपल्याकडचा शहाणा प्रकार: दिवाळीनंतर घालायचा, मे महिन्यात उतरवायचा. तौक्ते २०२१ मध्ये मे महिन्यातच आलं होतं, त्यामुळं उतरवायला जूनची वाट बघायची नाही, हेही तुमचंच. खांब जांभ्याचे, वर पोफळीचे वासे, त्यावर झापं. झावळी मधोमध चिरून, भिजवून, पाती एकाआड एक कशी घालायची ते तुम्ही सुनेला शिकवलंत. तिचं पहिलं झाप तुम्ही मुद्दाम दर्शनी बाजूला बांधायला लावलंत, हे ती विसरलेली नाही. मीही नाही.

पण मूळ गोष्ट वेगळीच होती. आम्ही बसायची जागा मागत होतो आणि तुम्ही म्हणालात, "काम असेल तिथं माणूस बसतो गो. नुसतं बसायला कोण येतंय?" म्हणून ओटा मोरी आणि वाळवणाच्या जागेच्या मधे आला. तुम्ही चिऱ्यांच्या थरावर स्वतः बसलात, पाय टेकतात का पाहिलंत, शेजारी सूप ठेवून बघितलंत आणि मग म्हणालात, "अजून चार बोटं रुंद कर." गवंड्यानं टेप काढली तीही त्यानंतर. गेल्या उन्हाळ्यात त्या ओट्यावर फणस फुटले, गरे काढता काढता सासूबाईंनी माहेरच्या गोष्टी सांगितल्या. आमसुलांची सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात टाकायची म्हणून पोरंसोरं तिथंच घुटमळत राहिली. मुलगा सुट्टीला येतो तेव्हा लॅपटॉप घेऊन तिथंच बसतो. माझ्या मते घरामागची जागा आखताना खुर्च्या कुठल्या आणायच्या हे सगळ्यात शेवटी ठरवावं. घरातली कुठली कामं बाहेर येऊ शकतात, ते आधी लिहून काढावं.

माडाखाली बसायची सोय करू दिली नाहीत, दिवे गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि पिवळे लावायला सांगितलंत, विहिरीकडची बाजू मोकळी ठेवलीत, त्या सगळ्याबद्दलही आभार. यादी केली तर तुम्हीच रागवाल.

आता एक काम उरलंय. पश्चिमेचं ऊन अडवायला तुम्ही रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, सुचवला होतात. बारमाही दाट सावली, शिवाय आमसुलं घरची. बी लावली तर झाड नर निघायची भीती, म्हणून कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' जातीची दोन कलमं सांगून ठेवली आहेत. तिची फळं बरीचशी पाऊस लागायच्या आत हाती येतात. मृगाचा पाऊस नीट बसला की खड्डे भरून घेते. जागा मात्र तुम्हीच येऊन दाखवायची, आणि त्या दिवशी जेवायला आमच्याकडेच थांबायचं.

तुमची,
शेजारघरची सून