आबा, इथं पेपर फाडतात

लॉरेन्स, कॅन्सस, अमेरिका
रविवार, २ मार्च २०२५

ती. आबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आबांचं पत्र दादानं फोटो काढून पाठवलं. फोनवर रोज बोलतो तरी आबांना कागदच लागतो, म्हणून मीही कागदावर लिहितेय. दादा, छापून दे आणि अक्षर मोठं ठेव. जेवण, थंडी, खोली हे सगळं रोज होतंच, ते परत लिहीत नाही.

आधी आजीचं. त्या दिवशी फोनवर जो भोंगा ऐकू आला, तो चाचणीचा होता. वादळाचा भोंगा नीट वाजतो की नाही, हे अधूनमधून वाजवून बघतात. कुणी पळालं नाही. माझ्यासमोर बसलेला मुलगा तर सँडविच खात होता. आणि आई, सामन्यानंतर मी एकटी येत नाही, आम्ही तिघं प्रकल्पावर आहोत ते एकत्रच निघतो. एकदाच चालत आले, तेही मीच सांगितलं म्हणून तुला कळलं.

आता आबांचा प्रश्न. “पत्रकारिता शिकायला पाठवलं, तर ही चेंडूमागं काय फिरते?” असं लिहिलंय. आबा, चेंडूमागं फिरणं हाच अभ्यास आहे. कॉलेजच्या बास्केटबॉल संघावर असं काम करायचंय, की वाचणाऱ्यानं नुसतं वाचायचं नाही. बोट लावलं की खेळाडूचा आवाज यावा, जर्सीवर दाबलं की जुना फोटो उघडावा, मैदानाच्या नकाशावर कुठून चेंडू टाकला ते ठिपक्यांनी दिसावं. लेख, आवाज, व्हिडिओ, नकाशा सगळं एकत्र. सध्या तरी भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या आहेत आणि आमची भांडणं आहेत. सरांचा एकच प्रश्न असतो: वाचणारा बोट कुठं ठेवेल, आणि का ठेवेल? ‘का’ला उत्तर नसलं की चिठ्ठी काढायला लावतात. माझ्या अकरा काढल्या.

आणि विषय म्हणाल, तर या गावात दुसरा विषय मिळणं अवघड आहे. ज्यानं बास्केटबॉल शोधला तो नेस्मिथ इथंच शिकवायला होता. १८९१ साली तिकडं स्प्रिंगफील्डला त्यानं सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि हिवाळ्यात पोरांना कोंडून ठेवण्यापेक्षा हा खेळ दिला. १८९८ ला तो इथं आला, इथल्या संघाचा पहिला प्रशिक्षक झाला आणि ५५ सामने जिंकून ६० हरला. ज्यानं खेळ काढला तोच या विद्यापीठाचा एकमेव प्रशिक्षक, ज्याच्या नावावर जिंकण्यापेक्षा हरणं जास्त आहे! हे आबांना आवडेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

पण एक गोष्ट आबांना मुळीच आवडणार नाही. मला ती समजायला दोन सामने लागले, म्हणून सविस्तर सांगते. पुरुषांच्या संघाचा सामना ॲलन फील्डहाऊसमध्ये असतो. १९५५ ची इमारत, पंधरा हजारांच्या वर माणसं मावतात. विद्यार्थी हातात वर्तमानपत्र घेऊन येतात. मला वाटलं, वा, वाचणारी पोरं आहेत! मग पाहुण्या संघाच्या खेळाडूंची नावं पुकारायला लागले आणि सगळ्यांनी एकदम पेपर उघडून तोंडासमोर धरले. म्हणजे ‘तुम्ही कोण आलात आम्हाला माहीत नाही, आम्ही बातम्या वाचतोय’. आपल्याकडं नको असलेला पाहुणा आला की आत्या कशी पंचांगात डोकं घालते, तसं. कुणी वाचत नसतं, एकाचा तर उलटा होता. मग आपल्या संघाची नावं सुरू झाली की तेच पेपर टराटरा फाडून, तुकडे करून वर उधळतात. हजारो पोरं एकदम. लग्नात अक्षता पडाव्यात तसा कागद पडतो, केसात, कॅमेऱ्यात, माझ्या मायक्रोफोनच्या टोपीत. आणि हे अपमान म्हणून नव्हे, मान म्हणून! मी विचारलं, फाडायचे तर पेपरच का? शेजारची म्हणाली, आम्ही असंच करतो. झालं उत्तर.

माझ्या हातून काही फाडवेना. पेपर पायाला लागला तर नमस्कार करायचा, हे आबांनी इतक्या वेळा सांगितलंय. पहाटे चारला स्टँडवर गठ्ठे सोडताना दोरीसुद्धा जपून काढणारी माणसं आपण. मी माझा घडी घालून बॅगेत ठेवला. शेजारची हसली.

त्याच फील्डहाऊसला लागून दुसरी इमारत आहे, तिथं नेस्मिथनं टाइप करून घेतलेले खेळाचे मूळ तेरा नियम काचेत ठेवलेत. दोनच पानं. २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरला घेतली. म्हणजे भिंतीच्या अलीकडं कागद फाडतात आणि पलीकडं कागदाला मंद दिवा लावून ठेवतात. आबा, आपली माळ्यावरची रद्दी विकायची घाई करू नका.

रद्दीचं थट्टेनं लिहिलं नाही. कारण पुढं येतं.

आमच्यातल्या मुलाला पुरुषांच्या संघावरच काम करायचं होतं. २०२२ च्या देशभरातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत, अंतिम सामन्यात अर्ध्या वेळेला पंधरा गुणांनी मागं, आणि शेवटी ७२-६९ नं जिंकले. चांगली गोष्ट आहे, पण ती सगळ्यांनी सांगून झालीय. मी वरती टांगलेल्या जर्सी बघत होते, तिथं ३१ नंबरची दिसली. लिनेट वुडार्ड. विचिटाची, इथून गाडीनं अडीचेक तासांवरची. १९७७ ते ८१ चार वर्षं इथं खेळली आणि ३,६४९ गुण केले. तेव्हा बायकाही पुरुषांच्याच मापाच्या मोठ्या चेंडूनं खेळायच्या, आणि तीन गुणांची रेघ (जिच्या बाहेरून टाकलेल्या चेंडूला दोनाऐवजी तीन गुण मिळतात) तर नव्हतीच.

आता गंमत ऐका. गेल्या वर्षी १५ फेब्रुवारीला आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कनं ३,५२७ गुणांचा विक्रम मोडला आणि महिलांचा विक्रम मोडला म्हणून देशभर जल्लोष झाला. पण वुडार्डचे ३,६४९ तर त्याहून जास्तच होते! ते धरले नव्हते. ती खेळली तेव्हा मुलींचे सामने एनसीएए नावाची मोठी संस्था घ्यायचीच नाही, ते वेगळ्या संघटनेकडं होते. १९८१-८२ पासून एनसीएएनं मुलींचे सामने घेतले, आणि वुडार्ड ८१ लाच बाहेर पडली. मग २८ फेब्रुवारीला क्लार्कनं ३,६४९ पण ओलांडले. मधले तेरा दिवस मोठ्या कॉलेजांतला विक्रम नक्की कुणाचा होता, हे कोणतं पुस्तक उघडता त्यावर होतं.

म्हणून आमच्या प्रकल्पात एक बटण आहे. एका बाजूला ‘मोजलेले’, दुसऱ्या बाजूला ‘केलेले’. वाचणाऱ्यानं ते सरकवलं की सगळी यादी वरखाली होते, नावं हलतात, आणि तिचं नाव कुठून तरी येऊन वर बसतं. बाकी आजच्या मुलींचे आवाज, बुटांची चरचर, सरावाच्या वेळचं रिकामं मैदान हे त्याभोवती. खेळाडूंशी बोलायला विद्यापीठाकडून परवानगी लागते, तिचे अर्ज चाललेत. पण या बटणाची चिठ्ठी सरांनी काढली नाही. त्यांनी दोन वेळा सरकवून बघितलं (तेव्हा ते पुठ्ठ्याचं होतं).

आई, तू लग्नाआधी खो-खो खेळायचीस. जिल्ह्याला गेलीस तेव्हा पेपरात नाव आलं होतं म्हणतेस. मी कधी विचारलंच नाही, कोणत्या वर्षी, किती गडी मारलेस. फोटो तर एकही नाही. तो पेपर माळ्यावर असेल का? आबांनी तेव्हाचे अंक ठेवलेत ना? दादाला चढायला सांग, तू चढू नकोस.

आता पैशाचं. कर्जाचं व्याज या महिन्यात मीच भरते, आबांनी भरायचं नाही. ग्रंथालयात काम मिळालंय, आठवड्याला वीस तासांपर्यंत चालतं. अभ्यासावर परिणाम होत नाही, आधीच सांगते. तीनशे डॉलर दादाच्या खात्यात टाकलेत, ते धाकटीच्या लग्नातल्या शालूसाठी. तिला आवडेल तोच रंग, आईनं मध्ये पडू नये.

आणि जे तीन पानं लिहीत नव्हते ते. मला अक्षय्य तृतीयेला लग्नाला यायला जमणार नाही. प्रकल्प मेच्या पहिल्या आठवड्यात दाखवायचाय आणि तिकीट बघितलं, ते तीनशे डॉलरच्या कितीतरी पट आहे. तिकिटापेक्षा शालू बरा, असं मीच मनाशी म्हणाले. धाकटीशी बोलले, ती “बरं” म्हणाली. तिचं “बरं” तुम्हाला माहीत आहे. आजीला सांगा, परीक्षा आहे. परीक्षा हा शब्द तिला पटतो.

थोरली राहिली आणि धाकटीचं आधी, असं आत्या म्हणेलच. म्हणू द्या. पुण्याच्या स्थळाचं मला विचारू नका, त्या मुलाला पत्रकारिता म्हणजे टीव्हीवर बातम्या वाचणं वाटतं.

करवलीचा मान मामेबहिणीला द्या. मागं कऱ्हा-दिवा घेऊन उभं राहायला तीच बरी, माझे हात तसेही कापतात. पुढच्या रविवारी इथली घड्याळं तासानं पुढं जातात, मग आपल्यात साडेदहा तासांचं अंतर उरेल. मुहूर्त साडेबाराचा म्हणजे इथं रात्रीचे दोन. मी जागी असेन. दादानं फोन खिशात ठेवू नये, अंतरपाटाच्या बाजूला कुणाला तरी धरायला द्यावा आणि आवाज चालू ठेवावा. चित्र नाही आलं तरी चालेल.

तो न फाडलेला पेपर अजून बॅगेत आहे. आबांसाठी आणते.

तुमची
थोरली